बगळोबाचं पान

आमची आक्का क्रिकेट बघायला बसली की तिच्यासमोरून जायचं नाही, मिक्सर लावायचा नाही आणि मुख्य म्हणजे "किती झाले?" असं विचारायचं नाही. ती फक्त कसोटी बघते, आणि कसोटीत किती रन झाले हा प्रश्नच अडाण्याचा, असं तिचं मत. "किती उरले तां विचार," म्हणते. किती उरले म्हणजे गडी किती उरले. हल्ली या प्रश्नाचं उत्तर ऐकवत नाही, ही गोष्ट वेगळी.

आक्का माझी आत्या. नाव कमळा, पण आमच्या दिघाशी गावात तिला त्या नावानं हाक मारायची कुणाची छाती नाही. माझे बाबा, तुळशीराम, तिचे धाकटे भाऊ. तेही तिला आक्काच म्हणतात आणि तिच्यापुढे मान खाली घालून जेवतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्या घरी. मी मनोज, गावच्या टेनिस-बॉल टीमचा ओपनर. पहिल्या बॉलला डोळे मिटून बॅट फिरवणं हा माझा स्वभाव आहे. आक्का एकदाच मला बघायला मैदानावर आली होती. मी लागोपाठ दोन सिक्स मारले आणि तिसऱ्या बॉलला दांडी गुल. पब्लिक नाचत होतं. आक्का म्हणाली, "पावन्यासारखा गेलास न् आलास. च्या तरी पिऊन यायचास."

हे वेड तिला लागलं भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, गुलाम हुसेन शेटच्या यंत्रमागाच्या कारखान्यात. तिथं ती कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. लूम चालू असले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथला सगळा कारभार हातवाऱ्यांवर. दोन चिमट्या जुळवून फटकन लांब केल्या की तार तुटली. आडवा तळहात हळूहळू पुढेमागे केला की लूम नीट चाललाय, हात लावू नका. आणि दोन्ही तळहात तोंडासमोर दारासारखे मिटले की लूम बंद, चला घरी.

शेट मूळचे कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीत, आणि कसोटीचे आक्कापेक्षा मोठे वेडे. ते ऑफिसात रेडिओ ऐकायचे आणि काचेमागून स्कोअर कळवायचे. विकेट पडली हे सांगायला वेगळी खूण कुणी ठरवलीच नाही. तार तुटल्याची खूण तीच विकेटची खूण. एकदा आपल्या बॅटिंगला गळती लागली, शेट काचेमागून फटाफट चिमट्या उडवू लागले, आणि प्रत्येक खुणेला कुणी ना कुणी आपला लूम बंद करून तुटलेली तार शोधायला वाकू लागला. डाव चहापानाच्या आत आटोपला आणि कापड निघालं निम्मंच. तेव्हापासून मॅच असली की शेट फक्त आक्काकडे बघून खुणा करायचे. बाकीच्यांनी आपापल्या लूमकडे बघायचं, असा नियमच झाला.

कारखाना सुटला तरी ही दोस्ती सुटली नाही. कसोटी लागली की सकाळीच शेटचा फोन येतो. "आक्का, विकेट कैसा वाटतो?" इथं विकेट म्हणजे खेळपट्टी. आक्का म्हणते, "इकेट चांगला हाय शेट, पोरां वाईट हायत." मग दोघं मिळून पोरांना शिव्या घालतात. बॅट्समनांची खरी नावं आक्काच्या तोंडात येत नाहीत, तिनं ठेवलेलीच चालतात. मान वर काढून बॉलच्या मागे धावणारा तो कोंबडा. दहाव्या नंबरचा उंच, किडकिडीत, एक पाय पुढे टाकून पुतळा होणारा तो बगळा. अकरावा बिचारा आठवतं तेव्हापासून शून्यावर परत येतो, तो भोपळ्या.

आता आक्काचं दुसरं काम सांगतो, कारण घोटाळा तिथंच झाला. आक्का आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. हळदीला, मांडवाला, नवरी निघताना ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. त्यात गावदेवीला बोलावणं, कुळाला बोलावणं, मेलेल्या आजोबा-पणजोबांना बोलावणं, विहिरीला, शेताच्या बांधाला, कुणाकुणाला म्हणून बोलावणं. आणि आक्काची एक शिस्त आहे: धवल्यात ज्याचं नाव आलं, त्याचं पान मांडायचं. पानावर तांदूळ, सुपारी आणि नारळ. नाव घेऊन बोलावलं आणि पान नाही मांडलं, हा अपमान आक्का खपवून घेत नाही. एका लग्नात तिनं मांडवाच्या मागच्या जांभळीचं नाव घेतलं होतं, तर जांभळीलाही नारळ मिळाला.

माझी बहीण क्षितिजा हिचं लग्न पडघ्याला ठरलं. बाबांनी तारखा काढल्या आणि आक्का भडकली. हळदीचा दिवस नेमका कसोटीचा पाचवा दिवस होता.

"तुळशा, कॅलिंडर बघायला डोले दिलं नाय का देवानं?"

बाबा म्हणाले, "अगो आक्का, आपली पोरां पाच दिस टिकतात कधी? मागची मॅच तिसऱ्याच दिवशी खलास झाली."

आक्का विचारात पडली. बाबांचं म्हणणं तिला पटलं, आणि पटलं याचंच तिला वाईट वाटलं. अशा रीतीनं माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख भारतीय फलंदाजीवरच्या अविश्वासावर पक्की झाली.

पण मॅचच्या दुसऱ्या दिवशी तिकडे अवकाळी पाऊस पडला, खेळ धुऊन गेला, आणि मॅच लांबत लांबत बरोब्बर हळदीच्या दिवशी येऊन बसली. पाहुण्या संघानं डोंगराएवढं टार्गेट दिलेलं. जिंकायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळपर्यंत नुसतं टिकायचं, म्हणजे ड्रॉ. खेळपट्टी आपल्याच माणसांनी आपल्याच स्पिनरांसाठी भाजून ठेवली होती, आणि तिच्यावर आता आपलीच पोरं नाचत होती. कोंबडा सकाळीच गेला, बाहेरचा बॉल ओढून घेऊन. जेवणाच्या वेळेला निम्मा संघ तंबूत. आक्का हळद कुटता कुटता अशी मुसळ हाणत होती की उखळ फुटेल अशी मला भीती वाटली.

तीनच्या सुमारास पडघ्याहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन माणसं आली. पुढे नवऱ्याचे काका, रामनाथशेठ, हायवेला गोदामं असलेला माणूस. मागे टेम्पोवर फहादचा डीजे. हा डीजे म्हणजे रामनाथकाकांकडून आम्हाला भेट. भेट एवढी मोठी होती की वळणावरच्या विजेच्या तारा काठीनं वर उचलून तिला आत घ्यावं लागलं.

रामनाथकाकांनी पाणी प्यायच्या आधी विषय काढला. "तुळशीरामभाऊ, धवले अर्धा तास बस झाले. मग डीजे. फहादला संध्याकाळी दुसरी ऑर्डर हाय, पाचला तो निघंल. आन लग्नाला पडघ्यात धवलारीण आननार न्हाय आपन. आमी धवले पेनड्राइव्हवर भरून घेतलेत. आवाज एकदम क्लिअर."

आक्का समोरच होती. म्हणाली, "अर्धा तास? धवला काय टी-ट्वेंटी हाय?"

बाबांचा चेहरा हळद लावण्याआधीच पिवळा पडला. व्याह्याला उलटून बोलायचं नाही आणि बहिणीला तर त्याहून नाही. तेवढ्यात आतून क्षितिजा बाहेर आली, हळदीच्या साडीत, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, आईच्या लग्नाला आक्कानं गायलंय. माझ्या बारशाला आक्कानं गायलंय. मी निघताना पेनड्राइव्ह गाणार असेल तर मला रडूच येणार नाही."

हिला रडायला यावं म्हणून आम्ही लग्नात पेनड्राइव्ह नाकारतोय, हे कारण मला जरा विचित्र वाटलं. पण आक्काचे डोळे भरून आले. घरातली एकही पोर तिच्या आवाजाशिवाय उंबरठा ओलांडून गेलेली नव्हती, आणि ही तर तिच्या मांडीवर वाढलेली. लग्नाला पडघ्याला जायचं, आणि तिथं आपण गप्प खुर्चीत बसायचं नि पेटीतून भलत्याच बाईचा आवाज ऐकायचा, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

रामनाथकाका माणूस वाईट नाही, फक्त घाईचा आहे. ते म्हणाले, "बरा, असा करू. आज बघतो. आमची मानसा बसली, ऐकला, तर लग्नाला बी आक्काच. उठून डीजेकडं गेली, तर पेनड्राइव्ह."

आता पडघ्याच्या माणसांनी धवला आणि डीजे यांच्यात धवला निवडायचा, तेही अर्ध्या तासात. आक्का आधीच हरल्यासारखी पाटावर बसली. आणि नेमकं तेव्हाच मांडवात गुलाम हुसेन शेट आले. पांढरा सदरा, हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. त्यांनी आक्काच्या बरोबर समोर पहिल्या रांगेत खुर्ची ओढली, मोबाइल गुडघ्यावर टेकवला, आणि एक हात मोकळा ठेवला. आक्कानं त्या हाताकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली.

"ये गो गावदेवी, मांडवाला ये, हळदीच्या लेकीला सावली दे..."

मागे ओळ उचलून धरणाऱ्या झिलकरी बायका. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, पण पडघ्याची पोरं चुळबुळ करत होती. दोघंतिघं उठून टेम्पोकडे गेलीसुद्धा. तेवढ्यात शेटच्या चिमट्या फटकन लांब झाल्या. तार तुटली. सहावा गेला.

आक्काचा आवाज मध्येच असा खाली उतरला की काय सांगू. "सावली दे" म्हणताना तिला खरोखरच सावलीची गरज असल्यासारखं वाटलं. पडघ्याची एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "काय गं बाय हिचा गळा!" दहा मिनिटांत पुन्हा चिमट्या. सातवा. आक्कानं आजोबा-पणजोबांना अशी हाक मारली की दोन बायका हुंदके देऊन रडू लागल्या. टेम्पोकडे गेलेली पोरं परत येऊन बसली. आपली बॅटिंग कोसळत होती आणि आमचा मांडव भरत होता. मी बघत होतो, आणि मला कळेना की आता विकेट पडाव्यात म्हणून देवाला सांगू की पडू नयेत म्हणून.

आठवा गेला. आता बगळा आला. आक्का बोलावण्याच्या ओळींवर होती, विहीर झाली होती, बांध झाला होता, नजर शेटच्या हातावर, जीव मैदानात. तिच्या तोंडून निघालं:

"ये रे बगळोबा, मांडवाला ये, एका पायावर उभा तू राहा. आलेला अडव, गेलेला जाऊ दे..."

झिलकरी बायकांनी जराही न थांबता ओळ उचलली. बाबा दचकले. पण शिस्त म्हणजे शिस्त. नाव आलं, पान आलं. त्यांनी मला खूण केली. मी पान मांडलं, तांदूळ, सुपारी, नारळ.

रामनाथकाका बाबांच्या कानाशी वाकले. "ह्यो देव कोनचा?"

बाबांनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मना वाटला तुमच्याकडचा हाय. तुमच्या मानापायी घेतला आसंल आक्कानं नाव."

आता आपल्याच गावचा देव आपल्याला माहीत नाही, असं व्याह्यांपुढे कोण कबूल करेल? रामनाथकाका सावरून बसले. "हा, हा! बगळोबा! आमच्या शिवेवर चिंचेखाली ठाना हाय त्याचा. लय जुना." आणि त्यांनी पुढे होऊन बगळोबाच्या पानावर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. ते वाकले म्हणून मागची सगळी पडघ्याची माणसं वाकली. शेट मात्र डोळे पुसत होते. ते रडत होते की हसत होते, हे मी आजपर्यंत त्यांना विचारलेलं नाही.

बगळा खरंच टिकला. शेटचा तळहात आडवा, हळूहळू पुढेमागे. लूम चाललाय, हात लावू नका. पडघ्याच्या माणसांना वाटलं हे मुसलमान शेट मांडवाला आशीर्वाद देतायत. दोघाचौघांनी तसाच हात हलवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं अख्खा मांडव तळहात पुढेमागे करत धवला ऐकत होता.

अर्धा तास कधीच सरला होता. फहाद घड्याळ बघत आला. "काका, माल चालू करूं क्या? पाच वाजता निघायला लागेल, नाक्यावर ट्रॅफिक आहे."

रामनाथकाकांनी त्याला असं दटावलं की तो मागे सरकला. "देवाचा चाललाय, दिसत न्हाय?"

मग बगळ्याच्या समोरचा गेला, नववा. शेटच्या चिमट्या लांब झाल्या. शेवटची जोडी, भोपळ्या आला. आक्कानं श्वास घेतला.

"ये रे भोपळेश्वरा, रिकामा ये, रिकाम्या हातान पन उभा तू राहा..."

आणखी एक पान. आणखी एक नारळ. रामनाथकाकांनी आता विचारलंही नाही, सरळ नमस्कार केला. आक्का त्याच दोन ओळी घोळवत राहिली, उभा राहा, उभा राहा, आणि बायका, पोरं, पडघ्याचे गोदामवाले सगळे तिच्यामागून म्हणू लागले. खेळातलं कुणाला काही ठाऊक नसताना एवढी माणसं भोपळ्याला उभं राहायला सांगत होती. त्या वेळी मला आडवी बॅट फिरवल्याची पहिल्यांदा लाज वाटली, खोटं नाही सांगत.

शेवटची ओव्हर आली असावी. शेट खुर्चीच्या टोकाला आले होते. तळहात पुढेमागे, पुढेमागे. मग एकाएकी त्यांना बघवेना. मोबाइल मांडीत पडला आणि त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं.

दारासारखे मिटले. लूम बंद, चला घरी.

आक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ओळ तोंडात अडकली. रामनाथकाकांनी मान वळवून टेम्पोकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली मॅच, गेला पडघ्याचा धवला. आक्का त्या दोन पानांकडे बघत राहिली. मग तिनं पदर सारखा केला आणि अगदी हळू, पहिल्यापेक्षा हळू, गायला लागली.

"आला त्याला बसवा, न्हाय आला त्याचा पान र्‍हाऊ द्या. लेकीच्या मांडवात कोनी हरलेला न्हाय..."

ही ओळ कुणाला माहीत नव्हती. ती आक्कालाही आधी माहीत नव्हती. झिलकऱ्यांना उचलता आली नाही, तिनं ती एकटीनंच म्हटली. क्षितिजा ढसाढसा रडत होती आणि तिच्या गालावरची हळद ओघळून हनुवटीवर आली होती. रामनाथकाकांनी नाक शिंकरलं.

आणि मग मागून, आमच्या गावात आजवर झाला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, सगळ्या स्पीकरांतून फहाद ओरडला, "टिक गये! भाई लोग, टिक गये! ड्रॉ झाली!" तो टेम्पोत बसून त्याच्या मोबाइलवर बघत होता.

शेटनी तोंडावरचे हात काढले. आक्का पाटावरून उठली, आयुष्यात पहिल्यांदा धवला अर्धा टाकून, आणि शेटना म्हणाली, "हात तोंडावर कशाला घेतलांव? मेलं समजून बसली मी!"

शेट म्हणाले, "अगो, मला बघवेना."

पडघ्याच्या माणसांना वाटलं, ड्रॉ म्हणजे सोडत. कुणाला तरी काहीतरी लागलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. फहाद पाच वाजता एकही गाणं न वाजवता निघून गेला. तारा पुन्हा काठीनं उचलाव्या लागल्या.

जाताना रामनाथकाका आक्कासमोर उभे राहिले. म्हणाले, "आक्का, लग्नाला तुमीच. त्या पेनड्राइव्हवर बगळोबाचा बोलावना न्हाय."

लग्नाच्या दिवशी आम्ही पडघ्याला पोचलो तर गाडीतून उतरल्याबरोबर मानाची माणसं आक्काला वाजतगाजत गावाच्या शिवेवर घेऊन गेली. चिंचेखाली दोन धोंडे, एक उंच आणि एक गोल, वर नवी पत्र्याची शेड. रामनाथकाका बाजूला उभे होते आणि आक्काची नजर चुकवत होते. लय जुनं ठाणं. आक्कानं वाकून हात लावला तर शेंदूर ओला होता, बोटं लाल झाली.

मी तिच्याकडे बघत होतो. शेट माझ्या शेजारी होते, ते वर चिंचेकडे बघत होते.

आक्कानं हात जोडले. उंच धोंड्याला म्हणाली, "पाय हलवू नको रे बाबा." मग गोल धोंड्याकडे वळली, जरा थांबली, आणि म्हणाली, "एक रन तरी काढ."

मग बोटांचा शेंदूर तिनं क्षितिजाच्या कपाळाला लावला, आणि तिला हाताला धरून गात गात मांडवात घेऊन गेली.